डोमा अजून खाली आहे

दौलतभाऊंच्या खाकी पँटला मांडीपासून गुडघ्यापर्यंत बारीक बारीक भोकं असायची. नवी पँट घातली तरी महिन्याभरात तिची चाळणी होई, आणि सुमनबाई, त्यांची बायको, दर महिन्याला तेवढ्याच हिरिरीनं भांडत. दोष पँटचा नव्हता, ॲसिडचा होता. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला बॅटरी आणि टोपीला दिवा असतो. त्या बॅटऱ्यांची देखभाल करायची, त्या चार्जिंगला लावायच्या आणि पाळी सुरू होताना खिडकीतून एकेकाच्या हातात द्यायच्या, हे दौलतभाऊंचं काम. माजरीकडच्या आमच्या खाणीत त्या खोलीला लॅम्प रूम म्हणत. मी शेजारच्या हजेरी ऑफिसात क्लार्क होते.

दिवा घेताना प्रत्येकानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा. दौलतभाऊ तो मागच्या फळीवर खालच्या ओळीत टांगत. माणूस वर आला, दिवा परत दिला, की बिल्ला वरच्या ओळीत जाई. खालच्या ओळीत बिल्ला आहे म्हणजे माणूस जमिनीखाली आहे, इतका साधा हिशेब. माझ्या रजिस्टरात चुका निघत, पांढरी शाई लावावी लागे. त्यांच्या फळीला खाडाखोड माहीत नव्हती.

दिवा परत देणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "आला काय?" माणूस समोर उभा, कोळशानं माखलेला, घामेजलेला, आणि हे विचारताहेत आला काय. तोही म्हणे, आलो भाऊ. मग बिल्ला वर जाई. पहिल्या पाळीच्या शेवटी हे शंभरदा तरी चाले. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, याचं डोकं जरा सरकलेलं आहे. मी वर्ध्याची, स्वभावानं घाईची, आणि एकाच वाक्याची शंभर आवर्तनं ऐकण्याइतकी भाविक तर अजिबात नाही.

मग तो लग्नाचा प्रकार झाला. एका दुपारी पाळी सुटली आणि एक बिल्ला खालीच राहिला. सोबतच्यांनी शपथेवर सांगितलं की तो गडी आमच्याबरोबर वर आला, आम्ही त्याला फाटकाबाहेर पडताना पाहिलं. साहेबांनीही मान डोलावली. दौलतभाऊंनी मान डोलावली नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस चार्ज घ्यायला आला, त्यालाही त्यांनी बसवून ठेवलं आणि स्वतः सायकल काढली. तो गडी सापडला भद्रावतीला, साळ्याच्या लग्नात. मुहूर्त चुकू नये म्हणून तो बॅटरी कमरेला तशीच ठेवून बसमध्ये चढला होता. मांडवातली वीज गेली होती आणि नवरदेवाला वाट दाखवायला खाणीचा दिवा कामी आला होता. दौलतभाऊंनी त्याच्या कमरेची बॅटरी सोडली, "आला काय?" म्हणून विचारलं, पंगतीत बसून जेवले आणि परत येऊन बिल्ला वर लावला. त्या गड्याला ते एवढंच म्हणाले म्हणे, सांगून जाव ना भाऊ. तेव्हापासून मी त्यांना हसणं कमी केलं. बंद नाही केलं.

त्यांच्या क्वार्टरवर माझं जाणं सुरू झालं ते टीव्हीच्या खेळामुळे. त्यांचा भाचा नागपूरला इंजिनीअर झाला आणि परदेशी जाताना खोलीतलं सामान मामाकडे टाकून गेला. त्यात टीव्हीला जोडायचं एक करडं खोकं होतं आणि एकच चकती. जपानी लोकांनी बनवलेला खेळ, पण इंग्रजीत उतरवलेला. बाकीच्या खेळांत उड्या मारायच्या आणि गोळ्या झाडायच्या असतात. हा खेळ म्हणजे एक लांबलचक गोष्ट होती. एक पोरगा गावातून निघतो, वाटेत सोबती मिळतात, गावोगाव फिरायचं, भुयारांत उतरायचं आणि शेवटी जग बुडवायला निघालेल्या दुष्टाला गाठायचं. आणि जो तो बोलत असतो, खालच्या चौकटीत, इंग्रजीत. दौलतभाऊ सातवी शिकलेले, मराठीत. चार दिवस त्यांनी नुसती माणसं बघितली. पाचव्या दिवशी माझ्या खिडकीत येऊन म्हणाले, बाई, ते काय बोलून राह्यले ते सांगान काय जरा?

माझी भद्रावतीची बस सव्वासहाला असे. ऑफिस सुटल्यापासून तोवर दीड तास मी फाटकावरच्या टपरीत बसून काढायचे. घरी सासूबाई होत्या, त्यामुळे आधीची बस धरायची मला कधीच घाई नव्हती. मी म्हटलं, येते.

पहिल्याच दिवशी सुमनबाईंनी खेळातली खोट काढली. गोष्टीचा नायक एक शब्द बोलत नाही. लोक त्याला राज्य देतात, शिव्या देतात, रडून गळ्यात पडतात, आणि तो नुसता उभा. "हा पोरगा बोलत काऊन नाई जी?" असं त्यांनी चहाच्या कपासकट मला विचारलं. मी म्हटलं, रीतच आहे या खेळांची. दौलतभाऊंना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. नवा भरती झालेला पोरगा सहा महिने बोलतच नसतो, असं त्यांचं मत. खाली उतरतो, वर येतो, घरी जातो. बोलायला काय आहे त्यात.

दुसरी रीत मात्र त्यांना मुळीच पटली नाही. या खेळात नायकानं कुणाच्याही घरात शिरायचं, मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या आणि आत असेल ते औषधपाणी खिशात घालायचं. घरमालक समोर उभा असतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो. दौलतभाऊंनी सांगून टाकलं की आपला पोरगा असं करणार नाही. मी समजावलं की ही चोरी नाही, हे खेळात धरलेलंच आहे, न घेतलं तर पुढे जड जाईल. ते म्हणाले, जड गेलं तर जाऊ द्या. मग आमची टोळी सगळा खेळ औषधावाचून खेळली. एक वटवाघूळ मारायला आम्हाला पाऊण तास लागे, आणि सुमनबाई स्वयंपाकघरातून विचारत, मेलं काय ते?

काही रीती त्यांना मनापासून आवडत. लढाईत आपली माणसं एका ओळीत उभी राहतात, राक्षस समोर, आणि ज्याची पाळी त्यानंच मारायचं. दुसऱ्याची पाळी येईपर्यंत राक्षससुद्धा जागेवर डुलत थांबतो. शिस्त आहे, म्हणत. धर्मशाळेत एक झोप काढली की तुटलेले हातपाय भरून येतात, हे सुमनबाईंना आवडलं, आणि तशी एक धर्मशाळा माजरीत काढावी असं त्यांनी साहेबांना कळवायला सांगितलं. पण दौलतभाऊंना सगळ्यांत भावली ती वेगळीच गोष्ट. त्या खेळात आकाश लाल होतं, राजा सांगतो की उद्या जगाचा शेवट आहे, आणि तरी तुम्ही आठ दिवस नदीवर गळ टाकून बसलात तर जग तुमच्यासाठी थांबतं. दौलतभाऊ सिंदेवाहीकडचे, तलावात मासे धरणाऱ्या घरातले. ते खरंच गळ टाकून बसत, आणि एवढा मोठा मासा काठाजवळ सापडायचा नाही म्हणून खेळ बनवणाऱ्यांवर नाराज होत. मी घड्याळ बघत म्हणे, भाऊ, जग बुडतंय.

"थांबून राह्यलं ना पण," ते म्हणायचे. "आपून सगळ्याइले भेटून येईपर्यंत थांबते ते. चांगलं आहे."

सोबत्यांना नावं आपण द्यायची असत. मी इंग्रजी अक्षरं टिपून देई. मुक्या पोराचं नाव बंडू. जखमा बऱ्या करणाऱ्या मुलीचं सुमन, त्यावर स्वयंपाकघरातून काही न बोलता त्या दिवशी भजी आली. मग कंदील घेतलेला एक म्हातारा नावाडी टोळीत आला, तेव्हा दौलतभाऊ म्हणाले, डोमा लिहा. डोमा त्यांचा चुलता. त्यानं त्यांना जाळं फेकायला शिकवलं होतं. तो पुष्कळ वर्षांचा होऊन, आपल्या खाटेवर, भरल्या घरात गेला होता. त्याची आठवण निघाली की दौलतभाऊ हसतच असत.

टोळी पाच जणांची झाली तशी त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाच बिल्ले केले, प्लायवूडच्या तुकड्यावर खिळ्यांच्या दोन ओळी ठोकल्या आणि ती फळी टीव्हीशेजारी टांगली. टोळी भुयारात शिरली की ते उठून पाची बिल्ले खालच्या ओळीत लावत. बाहेर आली की वर. शिवाय प्रत्येक भुयारानंतर त्यांना सगळ्या गावांतून फिरून प्रत्येक माणसाशी बोलायचं असे. या खेळांतल्या गावकऱ्यांना एकेकच वाक्य दिलेलं असतं. शंभरदा विचारा, विहिरीवरची म्हातारी शंभरदा सांगणार, आज पाणी थंड आहे. पाटलाचा पोरगा सांगणार, माझी बकरी हरवली. दौलतभाऊ प्रत्येकापुढे बटण दाबत आणि माझ्याकडे बघत, आणि मी वाचून दाखवी. मी म्हटलं, भाऊ, तेच बोलतात हो ते. ते म्हणाले, बाई, माह्या खिडकीत बी तेच बोलतात.

मग तो देऊळवाला दिवस आला. जमिनीखाली नदी, तिच्या काठी दगडी देऊळ, आणि छत कोसळायला लागलं. दाराची साखळी धरून डोमा मागे उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतो. बाकीचे चौघे धावले, दार पडलं, पडदा थरथरला, वाजंत्री एकदम हळू झाली. बाहेर आल्यावर टोळीच्या यादीत चारच नावं होती. मला खरंच वाईट वाटलं. पण असल्या गोष्टींत 'मी मागून येतो' म्हणणारा कधी येत नसतो, हे मला त्याचं वाक्य वाचतानाच कळलं होतं.

"डोमा गेला, भाऊ," मी म्हटलं.

"कोनी पायलं काय?"

"पाहायचं काय त्यात. दार पडलं, यादीतून नाव गेलं."

"बॉडी निघाली काय?"

"नाही."

"मंग तो खाली आहे," दौलतभाऊ म्हणाले. त्यांनी उठून चार बिल्ले वर लावले. पाचवा खालीच राहिला.

त्यानंतर आमचं बिनसलं. गोष्ट सरकत सरकत शेवटच्या दारापर्यंत आली. दाराच्या आत तो दुष्ट बसलेला, दाराबाहेर आमचे चौघे. एक बटण दाबलं की शेवट. दौलतभाऊ ते बटण दाबेनात. डोमा अजून खाली आहे, म्हणत. एकदा आत गेलो की परत फिरता येत नाही, असं दारावरच्या पहारेकऱ्यानंच सांगितलं होतं आणि ते मीच वाचून दाखवलं होतं. मग काय, जग थांबलेलंच होतं, हे पुन्हा गावोगाव फिरू लागले. आणि त्याच सुमारास माझी बदलीची ऑर्डर आली. राजुऱ्याकडच्या खाणीत, महिनाअखेर.

मी ती ऑर्डर त्यांना दाखवली आणि स्पष्ट सांगितलं की मी गेल्यावर इंग्रजी वाचणारं इथे कुणी येणार नाही. या महिन्यात शेवट केला तर केला, नाहीतर राहिला. त्यांनी ऑर्डर नीट घडी करून मला परत दिली.

"राहू द्या मंग, बाई. मी थांबतो."

मला राग आला. चार महिने मी रोज दीड तास दिला होता आणि मला शेवट पाहायचा होता. एका पत्र्याच्या बिल्ल्यापायी हा माणूस मला तो पाहू देत नव्हता. मी जात राहिले, पण मन लावून वाचणं सोडलं. दौलतभाऊ म्हातारीपुढे उभे राहिले की पडद्याकडे न बघताच मी म्हणे, पाणी थंड आहे. पोरापुढे उभे राहिले की, बकरी हरवली. पर्समध्ये बसचे सुटे पैसे शोधता शोधता मी साऱ्या गावाचं बोलणं उरकून टाकी.

शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता. आम्ही बंडूच्याच गावात होतो, जिथून गोष्ट सुरू झाली तिथे. दौलतभाऊंनी विहिरीवरच्या म्हातारीपुढे बटण दाबलं.

"पाणी थंड आहे," मी म्हटलं. "चला पुढे."

ते पुढे जाईनात.

"बाई, आज दोन ओळी आहेत."

"असतील."

"काल एक होती. मले इंग्रजी नाई येत, पन किती आहे ते तं दिसते ना."

मी वर बघितलं. पडद्यावर खरंच दोन ओळी होत्या. पहिली नेहमीची. दुसरीत म्हातारी म्हणत होती, नदीच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी कंदील लावलाय. मी ते वाचलं. मला माझीच लाज वाटली. ज्याला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं तो रोज बघत होता, आणि जिला वाचता येत होतं ती बघतच नव्हती. तशा किती ओळी मी आधी घालवल्या असतील, कोण जाणे. मी तसं बोलूनही दाखवलं. दौलतभाऊंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि होडी पाण्यात ढकलली.

पलीकडे वेळूच्या बेटामागे एक झोपडी होती, आत खाटेवर डोमा. पायाला पट्ट्या. आमचे चौघे समोर जाऊन उभे राहिले, आणि बंडू अर्थातच काही बोलला नाही. डोमाच बोलला. मी शपथेवर सांगते, यात माझ्या पदरचा एक शब्द नाही. त्यानं विचारलं, सगळे वर आले का?

मी ते वाचलं. सुमनबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या होत्या. दौलतभाऊ उठले, पँटला हात पुसले, फळीजवळ गेले आणि पाचवा बिल्ला काढून वरच्या ओळीत लावला. लावून झाल्यावर दोन बोटांनी तो जरा सरळ केला. "आला," एवढंच म्हणाले. सुमनबाईंनी तिघांच्या हातावर साखर ठेवली.

शेवटच्या दारातून आम्ही शुक्रवारी गेलो. या खेळांतला दुष्ट एकदा मारून मरत नाही, मेला म्हणेपर्यंत दुसरं रूप घेऊन उठतो, मग तिसरं. औषध नसल्यानं आम्ही दोनदा हरलो. तिसऱ्यांदा डोमानं कंदील उचलला आणि जमलं. जग वाचलं. मग काळ्या पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. मी पर्स उचलली. दौलतभाऊ म्हणाले, थांबा जी, ती बी वाचा. मी म्हटलं, अहो, ही नुसती नावं आहेत, जपानी. ते म्हणाले, एवढ्या लोकाइनं काम केलं, हजेरी तं घ्या. मी जिभेला वळण देत देत शेवटचं नाव वाचेपर्यंत माझी सव्वासहाची बस गेली. सुमनबाईंच्या हातचा भात आणि मासळीचा रस्सा खाऊन मी पुढच्या बसनं घरी गेले, आणि सासूबाई काय बोलल्या ते मला आठवत नाही, इतकी मी खुशीत होते.

पुढे मी राजुऱ्याला रुळले. दौलतभाऊ निवृत्त होऊन गावी गेल्याचं कळलं. बऱ्याच वर्षांनी एका मैत्रिणीकडे सिंदेवाहीला गेले होते, तेव्हा दुपारची बस धरून त्यांच्या गावी उतरले. घर तलावाच्या पाळीखालीच, बांधाच्या पायथ्याशी होतं. ते अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. पँटला भोकं नव्हती, पँटच नव्हती, धोतर होतं. त्यांनी मान वर केली आणि मी सकाळी कामाला जाऊन आल्यासारखं विचारलं, "आल्या काय, बाई?"

आत टीव्ही होता, खोकं कुठे दिसलं नाही. फळी मात्र होती, आधीपेक्षा मोठी. तिच्यावर आता बंडू-बिंडू नव्हते. सुमनबाईंनी एकेक दाखवला. हा पुण्यातला लेक. ही गडचिरोलीला नर्स असलेली लेक. हा खोकंवाला भाचा, कधीचा खालीच आहे. कडेला एका पत्र्यावर खिळ्यानं ठोकून तीन वेड्यावाकड्या खुणा काढल्या होत्या, आणि जवळ जाऊन बघितलं तर ती इंग्रजी अक्षरं होती, BAI, बाई. हजेरी ऑफिसातल्या माणसाला खाणीत बिल्ला नसतो. मी कधी जमिनीखाली उतरलेच नव्हते. माझा बिल्ला खालच्या ओळीत होता, आणि त्याच्यामागे फळीवर बिल्ल्याएवढा डाग पडला होता, इतके दिवस तो तिथे असणार.

दौलतभाऊ माझ्या मागून आत आले, त्यांनी तो काढला आणि वर लावला. दोन बोटांनी सरळ केला. मी पर्स खाली ठेवली. बोलायला काय आहे त्यात, असं त्यांचंच म्हणणं असे. मग आम्ही चहा प्यालो, डोमाचं, वटवाघळाचं, माझ्या सासूबाईंचं बोलणं झालं, आणि साडेचारची बस आली तशी मी उठले.

सुमनबाई बांधावरच्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. दौलतभाऊ आले नाहीत. बसच्या खिडकीतून त्यांचं उघडं दार दिसत होतं. ते फळीपुढे उभे होते. माझा बिल्ला वरच्या ओळीतून काढून ते परत खालच्या ओळीत लावत होते.